केळव्याची डिकीवाली गाडी कल्प्याच्या बर्फात

केळव्याच्या माणसाला गाडी कशी रुतते हे सांगावं लागत नाही. शनिवार-रविवारी मुंबईकडची मंडळी येतात, सुरूच्या बनातून गाडी थेट पुळणीवर घालतात, फोटो काढतात, आणि भरतीचं पाणी चाकाला लागलं की हाका मारत सुटतात. मग कुणीतरी आमच्या दारात धावत येतं. माझ्या यजमानांना मुलीपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळे अण्णा म्हणतात, आता मीही म्हणते. तर अण्णा वाडीतला छोटा ट्रॅक्टर काढतात, आधी गाडीवाल्याला चार शब्द सुनावतात, मग चारी चाकांतली निम्मी हवा सोडतात आणि दोर बांधून गाडी वर घेतात. हवा सोडली की चाक पसरतं आणि वाळूत कमी रुततं. इतकी वर्षं हे केल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं आहे, की गाडी जितकी उंच आणि जड तितकी ती लवकर बसते.

हे मत घेऊनच आम्ही हिमाचलात गेलो. ते मत तिथे कसं टिकलं, ते सांगते.

आमची मुलगी मानसी फळबागांचं शास्त्र शिकली. थोडे दिवस बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, पण तिथे तिचं मन रमेना. मग एका संस्थेमार्फत तिला किन्नौर जिल्ह्यात काम मिळालं. गावोगाव फिरायचं आणि सफरचंदाच्या बागायतदारांना छाटणी, कीड, कलमं यांबद्दल सांगायचं. नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली मुलगी सफरचंदाचं काय सांगणार, असं मला वाटलं होतं. ती मात्र कल्पा नावाच्या गावात खोली घेऊन राहिली आणि रुळली. यंदाच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, की वडापच्या जीपच्या वेळा जमत नाहीत, स्वतःची गाडी हवीच. घरमालकीणबाईंची एक जुनी एसयूव्ही शेडमध्ये उभी आहे, चारी चाकांना जोर असलेली, ती घ्यावी म्हणते.

अण्णा ताडकन म्हणाले, "उंच गाडी नाय घ्यायची. आपली डिकीवाली घेऊन जा तू. मी आणून देतो."

आमची गाडी म्हणजे पांढरी सेडान. सीटवर घरी शिवलेले अभ्रे, आत वाळूचा कण दिसला तर अण्णा जेवत नाहीत. ती स्वतः चालवत न्यायची, मुलीच्या हवाली करायची आणि आपण रेल्वेने परत यायचं, असा बेत ठरला. बापलेकीचा वाद गाडीवरून होता. मला सेडानही कळत नाही आणि एसयूव्हीही कळत नाही. बर्फाच्या घाटरस्त्यावर माझी मुलगी रोज एकटी गाडी चालवणार होती, आणि कुठल्या गाडीतून ती संध्याकाळी धड घरी येईल एवढंच मला हवं होतं. त्या विचाराने माझी झोप उडाली होती. अण्णांचीही उडाली होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी गाडीचं ऑइल बदललं.

रामपूरपर्यंत

मनोरला हायवेला लागलो ते थेट हिमाचलापर्यंतचं मी सांगत नाही. हायवे सगळीकडे सारखाच. जेवायचे मात्र आमचे हाल झाले नाहीत, कारण डिकीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या कोलंबीचे सोडे, सुके बोंबील आणि वाडीतले नारळ होते. राजस्थानातल्या एका ढाब्यावर आम्ही बोंबलाची पिशवी उघडली तेव्हा शेजारचं टेबल रिकामं झालं, एवढीच काय ती घटना.

सिमल्याच्या पुढे सतलज भेटली. आम्ही समुद्राकाठची माणसं, पाणी आम्हाला नवं नाही. पण हे पाणी खोल दरीच्या तळाशी, हिरवट-राखाडी, आणि एवढ्या उंचीवरूनही त्याचा आवाज ऐकू येतो. रामपूरनंतर रस्ता काही ठिकाणी डोंगराच्या पोटात कोरलेला आहे. डोक्यावर अख्खा कातळ पुढे आलेला, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी खिडकी खाली केली आणि वर बघितलं. कातळाचा शेवट दिसला नाही. इतक्या मोठ्या वस्तूखालून आपण एवढीशी गाडी घेऊन चाललोय आणि ती आपल्याला जाऊ देतेय, या विचाराने माझे हात आपोआप जोडले गेले. अण्णा म्हणाले, "मास्तरीण, देवाचं नंतर कर, समोरून ट्रक येतो काय ते बघ." मी बोईसरच्या शाळेत शिकवायची, म्हणून घरात मी मास्तरीण.

कल्प्याच्या अलीकडे

मानसीने बजावलं होतं, की खाली रिकाँग पिओला थांबा, फोन करा, मी न्यायला येते. आदल्या दिवशी वर बर्फ पडला होता. पिओच्या बाजारात चहा पिताना मी फोन हातात घेतला, तर अण्णा म्हणाले, "आपल्याला न्यायला कशाला यायला पायजे? आपण काय पावणे हाव? एवढा आलो ना गाडी घेऊन."

वर चढायला लागलो. देवदारांची झाडं सुरू झाली, मग कडेला बर्फाचे ढीग, आणि एका वळणानंतर सगळंच पांढरं झालं. अण्णांनी गाडी थांबवली. आम्ही दोघं उतरलो आणि उभे राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होतो. मला थंडीपेक्षा शांततेचं नवल वाटलं. केळव्यात घरात बसलं तरी कानात समुद्र असतो, झावळ्या वाजत असतात. इथे काहीच वाजत नव्हतं. झाडावरून मूठभर बर्फ खाली पडला, तोही आवाज न करता. अण्णांनी वाकून थोडा हातात घेतला, चिमटीत चुरला आणि म्हणाले, "खोबरा किसल्यासारका हाय गं." आणि मग लहान मुलासारखे हसले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, असं हसताना मी त्यांना फारच थोड्या वेळा पाहिलंय.

तिथपर्यंत सगळं छान होतं. पुढे रस्त्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे बर्फाचा उंचवटा दिसला. अण्णांनी तो नीट निरखला, बुटाने दाबला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला लगेच कळलं काय चाललंय. ते खाली बसले आणि चारी चाकांतली निम्मी हवा सोडून दिली.

"बघ आता कशी जाते."

गाडी थोडी गेली. मग खालून खरखर आवाज आला, गाडी मधल्या उंचवट्यावर पोटावर बसली, आणि पुढची चाकं नुसतीच गरगरत राहिली. अण्णांनी मागे घेतली, पुढे घेतली, ती आणखी बसली. मी म्हटलं, आता पिओला परत जाऊ या का कुणाला बोलावून? ते म्हणाले, "निघालो ना? मग परत कशाला फिरायचा?" खरं तर परत फिरायलाही गाडी हलत नव्हती.

तेवढ्यात मागून एक भली मोठी नवी एसयूव्ही आली. आत सपाट प्रदेशातली पर्यटक मुलं, मोठ्याने गाणी लावलेली. आम्ही रस्ता अडवलेला. त्यांनी हॉर्न वाजवला, मग कडेच्या ढिगावर चाकं चढवून बाजूने काढायला गेले. गाडी चढली मोठ्या दिमाखात, आणि तिथून हळूहळू, अगदी सावकाश, आडवी घसरत डोंगराच्या बाजूच्या बर्फात जाऊन टेकली. दरीच्या बाजूला घसरली असती तर, हे माझ्या मनात आलं. कुणाला काही झालं नाही. गाणं तेवढं बंद झालं. अण्णा मला हळूच म्हणाले, "बघ. सांगत होतो ना मी, उंच गाडी." स्वतःची गाडी पोटावर बसलेली असताना हा आनंद! मी तोंड फिरवलं.

शेवटी मीच मानसीला फोन केला. ती गमबूट घालून, खांद्यावर फावडं घेऊन चालत खाली आली. इतक्या महिन्यांनी भेटत होती, पण मिठी मारायच्या आधी तिने चाकांकडे बघितलं.

"अण्णा, हवा सोडलीत?"

"मग? रुतत होती."

ती रस्त्यातच बसून हसायला लागली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "अहो, वाळूत चाक रुततं म्हणून हवा सोडायची. इथे खाली दगडासारखं गोठलंय, रुतायला जागाच नाही. हवा सोडलीत आणि गाडी उलट खाली आली. पोट टेकलं त्यामुळेच."

अण्णा वाकून गाडीखाली बघत राहिले.

मग वरून दुसरी गाडी आली. जुनी, चौकोनी, उंच, चाकांना साखळ्या गुंडाळलेल्या. चालवत होत्या मानसीच्या घरमालकीणबाई, विद्यादेवी. माझ्याहून वयाने मोठ्या, डोक्यावर हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी, नाकात फुली. त्या खाली उतरल्या आणि आधी अण्णांना सुनावलं, "भाईसाहब, लड़की ने मना किया था ना? फिर ऊपर क्यों आए?" मग पर्यटक मुलांना त्याहून जास्त सुनावलं. मग दोर काढला. जन्मभर उंच गाड्या ओढणाऱ्या माणसाची गाडी एका उंच गाडीने ओढली, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. पोटाखालचा बर्फ उपसायला ती मुलंही आली. अण्णांनी त्या मुलांच्या गाडीसाठी फावडं मारलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा थोडा सावरला.

कल्पा

घर लाकडाचं आणि दगडाचं, खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिला ते तंदूर म्हणतात. धूर नळकांड्यातून छपरावर जातो. घरातले सगळे तिच्याभोवती बसतात, जेवतात, तिथेच झोपतात. आमच्याकडे उकाड्याने माणसं ओटीवर पांगतात, इथे थंडीने ती एकत्र येतात. विद्यादेवींनी ओगल्याच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाची धिरडी केली, वर लोणी, आणि मिठाचा चहा दिला. चहात मीठ हे मला पहिल्या घोटाला झेपलं नाही, तिसऱ्या दिवशी मी मागून घेत होते. आम्ही तंदुरावर बोंबील भाजले. विद्यादेवींनी मुकाट्याने उठून खिडकी उघडली, परत येऊन बसल्या, एक तुकडा चाखला, आणि मग दुसरा मागितला. माझं बोईसरचं हिंदी, विद्यार्थ्यांच्या उत्तरेकडून आलेल्या आईबापांशी बोलून शिकलेलं, आणि त्यांचं पहाडी वळणाचं हिंदी, दोन्ही मिळून आमचं चांगलं जमलं.

सकाळी मानसीने हलवून उठवलं आणि खिडकीचा पडदा सारला. समोर किन्नर कैलास. मी फोटो पाहिले होते. फोटोत डोंगर असतो. इथे माझ्या समोर दरीपलीकडे आभाळाचा निम्मा भाग व्यापून ते उभं होतं, आणि त्याच्या टोकांवर ऊन येत होतं, आधी गुलाबी, मग केशरी, मग बघवेना इतकं पांढरं. मी रडले. का ते सांगता येत नाही. अण्णा शेजारी घोंगडी पांघरून उभे होते, ते म्हणाले, "एवढा मोठा असतो हे कोणी सांगितला नाय आपल्याला."

घरामागे सफरचंदाची बाग होती. गुडघाभर बर्फात पानं गळालेली, काळीकरडी झाडं उभी. अण्णांना ती मेलेली वाटली. बागायतदार माणूस, त्यांना खरंच वाईट वाटलं. मानसीने एक फांदी वाकवून त्यांना बारीक कळे दाखवले.

"झोपलीयत, अण्णा. यांना एवढी थंडी मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर वसंतात फुलत नाहीत."

"थंडी पायजे? झाडाला?"

"हो. जेवढी थंडी नीट, तेवढं फळ."

अण्णांनी हातमोजा काढला आणि खोडावर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. आपल्याकडच्या नारळाला ही थंडी एक दिवस दिली तर तो मरेल. इथलं झाड तिची वाट बघतं. आपण जे मारणारं म्हणतो त्यावरच कुणीतरी जगतं, हे आम्हा दोघांना या वयात कळत होतं.

संध्याकाळी तंदुराभोवती गाडीचा वाद पुन्हा पेटला. अण्णा म्हणाले, सेडान बुटकी असते, वळणावर कलंडत नाही. मानसीने ते मान्य केलं. उंच गाडी वळणावर जास्त कलते हे खरंच, ती म्हणाली. पण चाकोरीत सेडानचं पोट टेकतं, ते तर तुम्ही पाहिलंच. शिवाय गाडी कुठली यापेक्षा टायर कुठले हे मोठं. थंडीत साधं रबर कडक होतं, हिवाळ्याचं मऊ राहतं. आणि साखळ्या लागतातच. विद्यादेवींच्या गाडीला असे टायर होते. अण्णा ऐकत होते, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "आनि तू एकटी असशील तवा रुतली तर?" एवढंच ते परत परत विचारत होते. त्या रात्री मी ठरवलं, की हिला घरी घेऊन जायचं. बोईसरला नोकऱ्या आहेत.

सावलीतलं वळण

दुसऱ्या दिवशी मानसीला एका गावात छाटणी दाखवायला जायचं होतं. ती म्हणाली, चला, विद्यादेवींच्या गाडीतून जाऊ, तुम्हाला रस्ता दिसेल. अण्णा पुढे बसले, मी मागे. साखळ्यांचा खणखणाट, बाहेर कोवळं ऊन. ती सावकाश चालवत होती, ब्रेकला क्वचित पाय लावत होती, उतारावर गिअरनेच वेग धरत होती. तिचे हात बघून मला माझीच मुलगी अनोळखी वाटली. आमच्या घरात भरती-ओहोटीची वेळ विचारणारी ती, इथे कुठल्या वळणावर ऊन किती वाजता पोचतं ते सांगत होती.

एक वळण डोंगराच्या सावलीत होतं. वळणाच्या बरंच अलीकडे तिने गाडी थांबवली. हँडब्रेक लावून उतरली. आम्ही काचेतून बघत होतो. ती चालत पुढे गेली, रस्त्यावर बूट घासला, मग खाली बसून हातमोजा काढून बोटं फिरवली. तो भाग मला तर कोरडाच दिसत होता, ओल्या डांबरासारखा काळा. ती परत आली आणि म्हणाली, "आज नाही जायचं."

"का?" अण्णा म्हणाले. "चारी चाकांना जोर हाय ना?"

"चारी चाकं ओढतात, अण्णा. थांबवत नाहीत. तिथे काचेसारखं गोठलंय."

"साखळ्या हायेत की. आनि लोक वाट बघत असतील."

"असतील. मी फोन करते."

तिने फोन केला. पलीकडून कुणी रागावलं नाही, आम्हाला आवाज ऐकू येत होता. ठीक है बेटा, कल आना, म्हणाले. मग तिने मान मागे वळवली आणि गाडी हळूहळू उलटी घेत त्या अरुंद रस्त्याने मागे आणली, रुंद जागा येईपर्यंत. माझ्या शेजारच्या काचेबाहेर दरी होती. मला भीती वाटली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मग अण्णांनी विचारलं, "अशी किती वेळा परत फिरतेस?"

"थंडीत? पुष्कळदा."

"साहेब बोलत नाय?"

"बोलतात कधी कधी. बोलू देत."

अण्णांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मी त्यांचे खांदे बघितले, आणि मला वाटलं की ते रागावले. मग ते म्हणाले, "उंच गाडीच घे तू. मी आपली घेऊन जातो घरी."

त्या वळणावर पुढे गेलो असतो तर काय झालं असतं, ते आम्हाला कधी कळणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. मी जन्माने दांडीची, म्हणजे मच्छीमारांच्या गावची. आमच्याकडे होडीवाला पहाटे किनाऱ्यावर येऊन दर्याकडे बघायचा आणि एखाद्या दिवशी मुकाट्याने घरी जाऊन झोपायचा. त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही. हे मी लहानपणापासून पाहिलंय, पण रस्त्यावरच्या माणसात कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मुलीत ते कुठून आलं, कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. हिला घरी न्यायचं असं मी ठरवलं होतं, ते तिथेच सोडून दिलं.

परतीला

विद्यादेवींनी चिलगोजे, म्हणजे तिथल्या पाइनच्या झाडाच्या खायच्या बिया, आणि सुक्या जर्दाळूंची पिशवी दिली, आम्ही त्यांना उरलेले बोंबील दिले. रेल्वेचा बेत मोडला, कारण गाडी आमच्याबरोबरच परत निघाली होती, चाकांत पूर्ण हवा भरून.

हरियाणात सकाळी धुकं होतं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. अण्णा थोडे पुढे गेले, दिवे लावून, काच खाली करून कान देत. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, रस्त्याकडे बघितलं, परत येऊन बसले. त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही आदल्या दिवशीच्या लॉजवर परत गेलो, चहा मागवला आणि दुपारपर्यंत पडून राहिलो. या माणसाबरोबर संसार करताना निघालेल्या वाटेवरून मागे वळायची माझी ती पहिलीच वेळ होती.

आता आम्ही घरी आहोत. मानसीने विद्यादेवींची गाडी घेतली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. गाडी कशी चालते हे अण्णा विचारतात, पण ते वरवरचं. ज्या दिवशी ती म्हणते, जाऊन आले, सगळं नीट झालं, त्या दिवशी ते फोन ठेवल्यावरही ओटीवर येरझाऱ्या घालतात. रस्ता कसा होता, ऊन होतं का, हे मला विचारतात, जणू मी तिच्याबरोबर होते. आणि एखाद्या दिवशी ती कंटाळलेल्या आवाजात सांगते, की निघाले होते पण अर्ध्यातूनच परत आले, दिवस फुकट गेला, साहेब बोलले.

परवा असाच फोन आला. अण्णांनी ऐकून घेतलं, बरं बरं म्हणाले, फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा कसा फुलला होता.

"आज परत फिरली," ते म्हणाले. "वाढ जेवायला."